अडीच ताऱ्यांचं काय करायचं?

'बरा आहे.' चित्रपटाबद्दल मराठीत याहून घातक शेरा नाही. 'भिकार आहे' म्हटलं तर ऐकणारा निदान विचारतो, का रे, एवढं काय झालं? 'बरा आहे' म्हटलं की विषय संपतो आणि जेवायला कुठे जायचं यावर गाडी येते. गंमत म्हणजे हाच शब्द पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरला की सरळ होतो. कोंकणीत 'बरें' म्हणजे चांगलं, त्यात खोच नाही. इकडे मात्र 'बरा'चा अर्थ तो म्हणताना खांदा किती उडाला यावर ठरतो. छापील परीक्षणात खांदा उडवायची सोय नाही, म्हणून तिथे अडीच तारे देतात.

अडीच हा आकडा आपल्याकडे तसा मानाचा. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो आणि कुठेतरी पोचतो. ताऱ्यांच्या चौकटीतलं अडीच मात्र बहुतेक वेळा कुठेच पोचत नाही. पाचपैकी अडीच म्हणजे बरोबर निम्मे, असं गणित सांगतं. व्यवहार वेगळा आहे. पाच तारे सहसा कुणी देत नाही, ते थोरामोठ्यांसाठी राखीव. एक तारा द्यायचा तर तेवढा राग यावा लागतो, आणि तेवढा राग आणणारे चित्रपटही थोडेच. दीड आणि साडेचार वर्षाकाठी एखाद्या वेळी. मग उरतं काय? दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार. पाच पायऱ्यांच्या या जिन्यात अडीच ही खालून दुसरी पायरी आहे. वाचकाला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण तो बरोबर वाचतो: साडेतीन म्हणजे जा, तीन म्हणजे वेळ असेल तर जा, अडीच म्हणजे ओटीटीवर येईल तेव्हा बघू.

ही ताऱ्यांची रीत पहिल्यांदा चालवली ती न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने. जुलै १९२८ मध्ये आयरीन थिरर या परीक्षक बाईंनी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' नावाच्या चित्रपटाला एक तारा दिला आणि वाचकांना मोजपट्टी समजावून सांगितली: तीन तारे म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे सुमार, आणि एकही तारा नाही म्हणजे सरळ वाईट. म्हणजे वर्तमानपत्रातला पहिला तारा दिला गेला तोच मुळी सुमार चित्रपटाला. पुढे पट्टी लांबली, चारची झाली, पाचची झाली, मधे अर्धे घुसले, आणि थिररबाईंनी एका शब्दात सांगितलेली गोष्ट धूसर होत गेली.

'सुमार' हा शब्दही बघण्यासारखा आहे. मूळ अर्थ मोजदाद, अंदाज. म्हणून 'सुमारे' आणि म्हणूनच 'बेसुमार', मोजता न येणारं. त्या हिशेबाने सुमार चित्रपट म्हणजे ज्याचा अंदाज आधीच बांधता येतो तो. कोशात हा अर्थ असा दिलेला नसेल, पण थिएटरात तो दर शुक्रवारी पटतो.

सुमार आणि निराशाजनक यांत गल्लत होते, ती टाळायला हवी. निराशा अपेक्षेवर ठरते. आधीच्या दोन चित्रपटांनी घर करून बसलेल्या दिग्दर्शकाचा तिसरा चित्रपट साधारण निघाला, तर तो निराश करतो. नवख्याने तोच चित्रपट केला असता तर कौतुक झालं असतं. परीक्षकाने आपण कशाला गुण देतोय हे आधी स्वतःशी स्पष्ट करावं, पडद्यावर जे आहे त्याला की मनात घेऊन आलेल्याला. 'शिकागो सन-टाइम्स'चा परीक्षक रॉजर ईबर्ट याबाबत सरळ होता. तारे निरपेक्ष नसतात, त्या जातीच्या इतर चित्रपटांशी तुलना करून द्यायचे असतात, असं तो उघड सांगे. सुपरहिरोच्या चित्रपटाबद्दल विचारणाऱ्याला तो कौटुंबिक शोकांतिकेच्या तुलनेत कसा आहे हे नको असतं, दुसऱ्या सुपरहिरोच्या तुलनेत कसा आहे हे हवं असतं. शिवाय ईबर्टची पट्टी चारची. त्याचे अडीच म्हणजे साडेबासष्ट टक्के, आपले अडीच पन्नास. परदेशी परीक्षणातले तारे उचलून आपल्या पट्टीवर ठेवणाऱ्यांच्या हे अनेकदा लक्षातच येत नाही.

टक्केवारीच्या संकेतस्थळांनी तर मधल्या चित्रपटाचं पार भजं केलं आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं 'रॉटन टोमॅटोज' प्रत्येक परीक्षणाला दोनच खणांपैकी एकात टाकतं, अनुकूल किंवा प्रतिकूल. साठ टक्के किंवा त्याहून जास्त परीक्षणं अनुकूल असली की टोमॅटो ताजा. आता समजा दहा परीक्षकांनी एका चित्रपटाला प्रत्येकी दहापैकी सहा दिले. सगळ्यांचं मत 'ठीक आहे, चालेल'. दहाही परीक्षणं अनुकूल खणात जातात आणि आकडा येतो १००. दुसऱ्या एका चित्रपटाला पाच जणांनी दहापैकी दहा दिले, पाच जणांनी तीन. आकडा येतो ५०, टोमॅटो नासका. 'मेटाक्रिटिक' हे दुसरं संकेतस्थळ परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं. तिथे, सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर, पहिल्याला ६० मिळतात आणि दुसऱ्याला ६५. पहिला पिवळ्या म्हणजे संमिश्र पट्ट्यात, दुसरा हिरव्या म्हणजे अनुकूल. तीच माणसं, तेच चित्रपट, तीच मतं, आणि क्रम उलटा. कुणाच्या झोपेत अडथळा न आणणारा चित्रपट शंभर टक्के मिळवू शकतो, हे पोस्टरवरचा आकडा वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

वाईटाला झोडपणं त्या मानाने सोपं. त्यात मजा असते, लेखणीला धार चढते, वाचक टाळ्या देतो. बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' हे मासिक सुरू केलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या इंग्रजी शेऱ्यांनी निर्मात्यांची झोप उडवली. उर्दू कथाकार मंटोने त्यांच्यावर शब्दचित्र लिहिलं, यावरून माणसाचा दरारा कळावा. याच बाबूरावांनी पत्नी सुशीलाराणी यांना घेऊन 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले. त्या चित्रपटांनी त्यांच्या लेखणीइतकं नाव काही कमावलं नाही. ईबर्टच्या बाबतीतही तेच दिसतं: १९९४ च्या 'नॉर्थ'वरचं त्याचं संतापलेलं परीक्षण इतकं गाजलं की त्यातल्याच शब्दांवरून पुढे पुस्तकाचं नाव ठेवलं गेलं. वाईट चित्रपटांच्या परीक्षणांचे संग्रह निघतात. अडीच ताऱ्यांच्या परीक्षणांचा संग्रह काढायला कुणी बसेल असं वाटत नाही.

कारण त्या परीक्षणांत वाचण्यासारखं फारसं नसतं. मधल्या चित्रपटावर लिहिताना परीक्षकाला राग येत नाही आणि प्रेमही येत नाही, मग हात आपोआप तयार वाक्यांच्या डब्याकडे जातो. हा डबा मराठीत चांगला भरलेला आहे. कथेचा जीव लहान. पूर्वार्ध रंगतो, उत्तरार्धात चित्रपट ढेपाळतो. अमुकने भूमिकेला न्याय दिला आहे. छायाचित्रण देखणं. संकलकाने कात्री चालवायला हवी होती. प्रयत्न स्तुत्य. एकदा पाहायला हरकत नाही. ही वाक्यं खोटी नसतात, हीच अडचण आहे. कुठल्याही शुक्रवारच्या कुठल्याही चित्रपटावर ती चिकटतात, आणि खरी दुखरी जागा त्यांच्याखाली झाकली जाते.

कात्रीचंच घ्या. 'वीस मिनिटं कमी असता तर परिणामकारक झाला असता' हे वाक्य लिहिण्याआधी एक साधी परीक्षा करावी: कुठली वीस मिनिटं, ते सांगता येतं का? वहीत प्रसंगांची नावं लिहा. मित्राच्या लग्नातलं गाणं साडेचार मिनिटं, पोलीस चौकीतला विनोद सहा मिनिटं, नायिकेच्या वडिलांचं भाषण तीन मिनिटं. हे काढून चित्रपट उभा राहतो का? राहत असेल तर दोष खरंच संकलनाच्या टेबलावरचा आहे, म्हणजे बऱ्याचदा संकलकाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा, ज्याला ते गाणं सोडवत नव्हतं. पण अनेकदा असं दिसतं की ते काढताच येत नाही. गाणं कंटाळवाणं आहे, पण त्याच गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात नायिकेच्या हातात ती चिठ्ठी पडते. पोलीस चौकीतल्या विनोदाच्या शेवटी हवालदार ते नाव उच्चारतो ज्यावर पुढचा तास उभा आहे. अशा वेळी संकलक बिचारा काय कापणार? दोष पटकथेतला आहे. महत्त्वाची माहिती बिनमहत्त्वाच्या प्रसंगात पुरून ठेवलेली आहे. संकलक जे चित्रित झालं त्यातूनच निवडतो. न घेतलेला शॉट त्याला कापता येत नाही आणि जोडताही येत नाही.

उत्तरार्ध ढेपाळतो याचंही कारण शोधलं तर सापडतं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळायची, हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांचं. चौदा रिळांच्या चित्रपटाला सातव्या रिळाशी मध्यंतर. रिळं गेली, तरी मध्यंतर राहिलं, आणि त्याबरोबर ते वळणही राहिलं: सत्तराव्या मिनिटाला काहीतरी धक्का हवाच. पूर्वार्धात प्रत्येक प्रसंग प्रश्न टाकतो. प्रश्न टाकायला फार अक्कल लागत नाही. दारात अनोळखी माणूस उभा केला की झाला प्रश्न. उत्तरार्धात ती सगळी उधारी फेडायची असते. मध्यंतरानंतरची चार-पाच मिनिटं लोक समोसे घेऊन पाय तुडवत आत येत असतात, म्हणून तिथे लेखक एखादं गाणं किंवा किरकोळ विनोद टाकतो. मग येतं फ्लॅशबॅकचं गाठोडं, पंधरा-वीस मिनिटांचं, ज्यात रहस्य उलगडतं. ते रहस्य प्रेक्षकाने चाळिसाव्या मिनिटालाच ओळखलेलं असेल, तर पुढचा सगळा वेळ तो पडद्याने आपल्याला गाठावं म्हणून वाट बघत बसतो. यालाच आपण ढेपाळणं म्हणतो. परीक्षकाला यासाठी एकच नोंद पुरते: आपण ओळखलं ते मिनिट, आणि चित्रपटाने सांगितलं ते मिनिट. दोन्हींमधलं अंतर दहा मिनिटांचं असेल तर चालतं, साठ मिनिटांचं असेल तर दुखणं तिथे आहे. आणि हे रहस्य न फोडता लिहिता येतं. काय घडतं ते सांगू नये, किती आधी कळतं ते सांगावं.

'भूमिकेला न्याय दिला' या वाक्यावर तर बंदी घालायला हरकत नाही. न्याय दिला म्हणजे खटला कुठला होता? एका परीक्षणात सहा नटांची नावं घेऊन सहाही जणांना न्याय वाटला जातो, त्यात साठ-सत्तर शब्द खर्ची पडतात, आणि वाचकाला एकाही नटाचा चेहरा दिसत नाही. मधल्या चित्रपटात नट चांगलंच काम करतात, आपल्याकडे रंगभूमीवरून आलेली माणसं आहेत, ती काम वाईट करत नाहीत. पण नटाने तारलं म्हणजे पात्र लिहिलेलं नव्हतं, असाही अर्थ निघू शकतो. नटाचा चेहरा क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त त्याची वाक्यं आठवा. या माणसाला नेमकं काय हवं आहे, हे कळतं का? कळत नसेल तर त्या नटाने लेखकाचं काम फुकट केलेलं आहे, आणि ते तसंच लिहावं.

देखण्या छायाचित्रणाचं थोडक्यात सांगता येईल. चित्रपट संपल्यावर छायाचित्रण वेगळं आठवत असेल तर ते कथेपासून सुटलेलं असतं. ड्रोन स्वस्त झाल्यापासून कोकणावरचा प्रत्येक चित्रपट वरून सुरू होतो: माड, खाडी, लाल रस्त्यावरून जाणारी एकटी गाडी. पहिला ड्रोन शॉट जागा सांगतो. चौथा काहीच सांगत नाही, तो दोन प्रसंगांमधला जोड लपवतो. मोजावेत. ध्वनीबद्दल मात्र परीक्षणात सहसा अक्षर नसतं, आणि मधला चित्रपट सगळ्यात आधी उघडा पडतो तो तिथे. पात्रं किनाऱ्यावर उभी आहेत, केस उडतायत, आणि आवाज बंद खोलीतला. लाट वेगळ्या पट्टीत मागून जोडलेली. प्रेक्षकाला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, फक्त विश्वास बसत नाही.

आता एक प्रसंग जवळून बघू. चित्रपट कुठलाही एक नाही, समजा अशा दहा चित्रपटांच्या मातीचा मिळून केलेला आहे. मालवणकडचं गाव, वडील वारलेले, मुलगा मुंबईहून घर विकायला आला आहे. सकाळ. आई चहा करते. कॅमेरा ओट्याच्या उंचीवर. ती फडताळातून कपबश्या काढते, एक, दोन, तीन. चहा ओतायला भांडं उचलते, थांबते. तिसरा कप उलटा करून मागे सारते. दोन कपांत चहा ओतते. बारा सेकंद. कल्पना नवी नाही, तरी काम होतं. प्रेक्षकाला कळलं की या घरात कोण होतं, आईला दिवस कसे जातायत, आणि घर विकणं म्हणजे काय विकणं आहे.

इथे कट करायला हवं होतं. पण तेराव्या सेकंदाला बासरी सुरू होते. मुलाचा क्लोजअप. आई म्हणते, "सवय जाणा नाय रे अजून." ठीक. पुढचं वाक्य, "तुझे बाबा गेले तेव्हापासून हे घर मला खायला उठतं." पहिलं वाक्य मालवणी, दुसऱ्यात मालवणी संपली, तिसऱ्यापासून शुद्ध सदाशिव पेठ. मग हार घातलेला फोटो. मग पुन्हा मुलगा, आता डोळे ओले. मग आईचं घराच्या भिंतींबद्दलचं भाषण, ज्यात 'आठवणी' हा शब्द चारदा येतो. मग फोटो, थोडा जवळून. बासरीत आता व्हायोलिनं मिसळली आहेत. सगळा प्रसंग दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यातला चित्रपट बारा सेकंदांचा, उरलेली दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद त्या बारा सेकंदांवरची टीप.

यावर 'भावनिक प्रसंग लांबले आहेत' असं लिहिलं, तर ते बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. तिसऱ्या कपाबद्दल लिहिलं, आणि बासरी कुठे घुसली ते लिहिलं, तर वाचकाला चित्रपट दिसतो. शिवाय एक गोष्ट कळते जी तयार वाक्यात कधीच येत नाही: या दिग्दर्शकाला दिसतं, पण प्रेक्षकावर त्याचा भरवसा नाही. वाईट दिग्दर्शकाला तिसरा कप सुचलाच नसता, चांगल्याने तो सुचल्यावर तोंड मिटलं असतं. अडीच तारे नेमके या दोघांच्या मधे पडतात. असा चित्रपट कुठे हात सोडतो ती जागा दाखवणं, एवढंच परीक्षकाचं खरं काम. बाकी कथासार तर ट्रेलरमध्येही असतं.

ही जागा सापडायला अंधारात वही हवी. मोबाइलचा उजेड करू नये, शेजारच्यांना त्रास आणि आपलीही नजर मोडते. पेटणारी पेनंही तशीच. छोटी वही, एका पानावर चार-पाच ओळी, अक्षर मोठं. डाव्या हाताचा अंगठा ओळीवर ठेवून लिहायचं आणि ओळ संपली की अंगठा खाली सरकवायचा, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. लिहायचं तेही थोडंच: दिसलेली वस्तू, ऐकलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं, आणि वेळ. मत लिहू नये. 'कंटाळा' असा शब्द घरी गेल्यावर वहीत सापडला तर त्याचा काही उपयोग होत नाही. '५२ मिनिटं, घड्याळ बघितलं, वकील बोलतोय' याचा होतो. मध्यंतरात दुसऱ्या परीक्षकाला 'काय वाटतंय?' विचारू नये. चहाच्या काउंटरपाशी चार जणांचं एक मत फार लवकर शिजतं, आणि मग शनिवारी चार वर्तमानपत्रांत तेच एक वाक्य वेगवेगळ्या टाइपात छापून येतं.

लिहायला बसलं की शब्दांचा हिशेब आडवा येतो. छापील परीक्षणाला साधारण चारशे शब्द धरा. सवयीने लिहिलं तर कथेत जातात पावणेदोनशे, नटांच्या यादीत ऐंशी-नव्वद, तांत्रिक बाजूंना पन्नास. प्रस्तावना वजा केली तर निकालाला सत्तरही उरत नाहीत. त्या सत्तरात माणूस ताकाला जाऊन भांडं लपवणारच. उलट करून बघावं. कथा साठ शब्दांत बसते, मधल्या चित्रपटाची तर पन्नासातही. एक प्रसंग जवळून, शंभर शब्द. तो प्रसंग सगळ्या चित्रपटाबद्दल काय सांगतो, शंभर. नटांपैकी एक किंवा दोन, ज्यांच्याबद्दल खरंच काही म्हणायचं आहे. बाकीच्यांची नावं चौकटीत टाकता येतात, त्यासाठीच ती चौकट असते.

हे सगळं मराठी चित्रपटाला लावताना हात अडखळतो, आणि तो का अडखळतो हे उघड बोलायला हवं. मराठी चित्रपटाला पडदे मिळत नाहीत, मिळाले तर वेळा सकाळी साडेनऊच्या. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट प्राइम टाइमला लावावेत यासाठी सरकारला पुढे यावं लागलं. राज्य सरकारच्या अर्थसाहाय्य योजनेतही समिती चित्रपट बघून दर्जा ठरवते, 'अ' दर्जाला जास्त रक्कम आणि 'ब' दर्जाला कमी. म्हणजे मधल्या चित्रपटावरचा निकाल इथे थेट रुपयांत उतरतो. हे माहीत असलेला परीक्षक दोनवर थांबलेला हात अडीचवर नेतो. आपलीच माणसं आहेत, घरं गहाण टाकून करतात, सांभाळून घेऊ. हा मराठीपणाचा अर्धा तारा. भावना समजण्यासारखी आहे आणि परिणाम वाईट आहे. चार जणांचं कुटुंब, तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजारांना पडतं. सांभाळून घेतलेल्या दोन चित्रपटांवर ते कुटुंब फसलं की तिसऱ्याला येत नाही, आणि तिसरा नेमका चांगला असतो. अर्धा तारा परीक्षकाच्या खिशातून जात नाही, तो त्या तिसऱ्या चित्रपटाच्या गल्ल्यातून जातो.

'प्रयत्न स्तुत्य आहे' हे त्याच दयेचं भाषिक रूप. प्रयत्न सगळ्यांचेच असतात. वाईट चित्रपट करायला काही कमी पहाटे उठावं लागत नाही. आपल्या कामाची इतकी कणव केलेली कुठल्याही बऱ्या दिग्दर्शकाला खुपते. त्याला तिसरा कप कुणाला दिसला का, हे हवं असतं.

परीक्षकांचे निकाल उलटतात, याला 'शोले'चं उदाहरण सगळेच देतात. १९७५ च्या ऑगस्टमध्ये सुरुवातीची परीक्षणं थंड होती, धंद्यातले लोकही चित्रपट पडला म्हणत होते, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. खरं आहे. पण हे उदाहरण दर वेळी पुढे येतं ते फार कमी वेळा असं घडतं म्हणून. ज्यांच्यावर अडीच तारे पडले आणि जे तेवढ्याच लायकीचे होते, त्यांची यादी कुणी करत नाही, आठवणार कशी? 'शोले'वरच्या सुरुवातीच्या परीक्षणांतून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. आवडला नाही हे म्हणणं चूक नव्हतं. समोर घडतंय त्याचं वर्णन न करता निकाल दिला, की तो निकाल उलटल्यावर मागे काहीच उरत नाही. वर्णन केलं असेल तर निकाल चुकला तरी परीक्षण वाचण्यासारखं राहतं.

अलीकडे घाई आणखी वाढली आहे. पहिला शो सुटायच्या आत मोबाइलवर निकाल येतो, काही पैसे घेऊन, काही पैसे न मिळाल्यामुळे. केरळात हे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये न्यायालयाने सल्ल्यासाठी न्यायमित्र म्हणून नेमलेल्या वकिलाने प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणं करू नयेत असं सुचवलं. सुचवणाऱ्याचा हेतू काहीही असो, मधल्या चित्रपटाची सगळी कमाई त्याच ४८ तासांत असते. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्यावर आला की वितरकाला कळतं. चांगला चित्रपट दोन दिवसांचं मौन सहज सोसतो. गप्प बसण्याचा खरा फायदा अडीचवाल्यालाच.

थिएटरच्या दारात मात्र मौन चालत नाही. प्रेस शो सुटतो, दिवे लागतात, दाराशी निर्मात्याची माणसं उभी, हातात माइक. "सर, एक बाइट. मॅडम, कसा वाटला?" 'छान, वेगळा विषय' म्हणून निसटता येतं. पण ते तीन शब्द रविवारी जाहिरातीत आपल्या नावासकट छापून येतात, आणि शेजारीच आपल्याच परीक्षणातले अडीच तारे. त्यापेक्षा "लिहितो उद्या" म्हणून सरळ जिना उतरावा.

तारे शेवटी द्यावेत, परीक्षण लिहून झाल्यावर. आधी दिले की लिखाण त्यांचं समर्थन करत बसतं. लिहिलेलं कुणाला तरी वाचायला द्यावं, चौकट झाकून, आणि किती वाटतात ते विचारावं. वाचणारा साडेतीन म्हणाला आणि आपल्या मनात अडीच असतील, तर कुठेतरी शब्दांनी दया दाखवलेली आहे. ते वाक्य शोधावं. दोन म्हणाला तर एखादी जागा आपल्याला आवडली होती आणि लिहायची राहिली आहे. हे जुळवाजुळव करेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि डेस्कवरून फोन येतो. कॉपी मिळाली, फोटो लागला, मथळा झाला. चौकट तेवढी रिकामी आहे. तारे किती?